देवराईला निधी हवाय, पण सातबारा कुणाच्या नावावर आहे?

(सरकारी कामकाजाविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या ताई. या वेळी तीन पत्रं, तिन्ही बाग, वाट आणि मोकळ्या जमिनीबद्दलची.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. गावाला वाघजाईची देवराई आहे, साधारण पाच एकरांची. आत जुने बेहडे, सातवीण आणि मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली आहेत. शिमग्याला आलेले मुंबईकर म्हणतात, इथे फिरायला पक्की वाट, बाकडी आणि मुलांसाठी छोटी बाग झाली तर गावाचं नाव होईल. सरपंच म्हणतात, देवळाला ‘क’ वर्ग तीर्थक्षेत्रात घालू, निधी आपोआप येईल. मंडळाच्या पोरांना वनखात्याकडे जायचंय. नेमका कुठला निधी मागावा आणि अर्ज कसा लिहावा?
— वि. शि., जि. रत्नागिरी

उत्तर : अर्ज राहू द्या बाजूला. आधी तलाठ्याकडे जा (आता पाटीवर ‘ग्राम महसूल अधिकारी’ लिहिलेलं असेल, माणूस तोच) आणि देवराईच्या गट नंबरचा सातबारा काढा. पत्रात तुम्ही झाडांची नावं लिहिलीत, वेलींची जाडी लिहिलीत, पण जमीन कुणाच्या नावावर आहे ते लिहिलं नाहीत. मंजुरीची फाइल पहिल्यांदा अडते ती तिथेच.

कोकणातल्या देवराया कागदावर फार वेगवेगळ्या निघतात. कुठे कब्जेदार म्हणून देवस्थान, कुठे खोतांचे वारस, कुठे ‘महाराष्ट्र शासन’. इतर हक्काच्या रकान्यात खाजगी वन संपादन कायदा, १९७५ चा शेरा आहे का तेही बघा. असला तर जमीन वनखात्याची झालेली असू शकते आणि गावाला त्याचा पत्ताही नसतो. गाव म्हणतं आमची, देव म्हणतो माझी आणि सातबारा तिसरंच नाव सांगतो. शासनाचं नाव निघालं तर जुने फेरफार काढून घ्या, म्हणजे ते नाव कधी आणि कशाने लागलं ते कळेल. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचे पैसे भरा आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात घ्या. हा खर्च लोकवर्गणीतून करा. निधी येण्याआधीचा खर्च निधीतून वसूल होत नाही.

जमीन वनाची निघाली तर पेव्हर ब्लॉकची वाट विसरा. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने वनजमिनीवर १ हेक्टरपर्यंत काही सोयी करता येतात. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची सोय अशा १३ कामांची ती यादी आहे. तिच्यात बाग नाही, बाकडं नाही. तेव्हा वनखात्याशी बोलायचं ते त्यांच्याच कामातून काही करण्यासाठी, ग्रामपंचायतीच्या ठेक्यासाठी नव्हे.

आता सरपंचांचा ‘क’ वर्ग. ही मंजुरी जिल्हा नियोजन समितीकडून मिळते आणि सरपंच म्हणतात तसा निधी त्या वाटेने खरोखर येतो. अडचण वेगळीच आहे. त्या निधीतून काय होतं? सभामंडप, भक्तनिवास, स्वच्छतागृह, कंपाउंड वॉल, पेव्हर ब्लॉक. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. कनिष्ठ अभियंता अंदाजपत्रक करतो ते दरसूची समोर ठेवून. तिच्यात ब्लॉकचा चौरस मीटरचा दर छापलेला आहे, काँक्रीटचा घनमीटरचा आहे. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, उंची लिहिता आली पाहिजे, तरच बिल निघतं. ‘पालापाचोळा जागेवर ठेवणे’ किंवा ‘गारंबीची वेल न तोडणे’ या बाबीला एकक नाही. एकक नाही म्हणून दर नाही, आणि दर नाही म्हणून ते काम अंदाजपत्रकात येतच नाही. देवराईत सिमेंट शिरतं ते या रस्त्याने. त्याच्या जोडीला मार्च. ३१ तारखेपर्यंत रक्कम खर्ची पडली पाहिजे, आणि फेब्रुवारीत कार्यारंभ आदेश मिळालेल्या ठेकेदाराच्या हातून लवकर उरकतं ते काँक्रीटच.

एका देवराईच्या सुशोभीकरणाचं बिल माझ्या टेबलावरून गेलं होतं. गाव आणि कचेरी दोन्ही राहू देत. मोजमाप पुस्तिकेत ओळ होती : ‘जुन्या वृक्षास पार बांधणे, १ नग.’ रजेवर असताना मुद्दाम वाट वाकडी करून बघायला गेले. बेहड्याच्या बुंध्याला घट्ट भिडवून चौकोनी कठडा, आत बुंध्यापर्यंत लाल-पिवळे ब्लॉक आणि खोडाला चुना-गेरू. मुळांनी ब्लॉक उचकटायला सुरुवात केली होतीच. पुढे ‘दुरुस्ती’चं अंदाजपत्रक आलं तेव्हा त्यात मुळं तोडायची मजुरी होती. हिशेबात एक पैशाची चूक नव्हती.

म्हणून माझं स्पष्ट मत : मुलांची बाग शाळेच्या शेजारी किंवा गावठाणातल्या मोकळ्या जागेत करा, देवराईत नको. घसरगुंडीला बेहड्याची सावली लागत नाही, आंब्याची पुरते. देवराईत फक्त पायवाट ठेवा, तीही आहे तीच. चढाला पावसात पाय घसरतो तिथे जांभ्याचे चिरे कोरडे बसवा, सिमेंट न घालता. बाकडी देवळाच्या अंगणात चार पुरेत.

एवढ्या कामाला मोठा निधी मागायची गरजच नाही. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचे पैसे येतात. पंधराव्या आयोगात, म्हणजे २०२६ च्या मार्चपर्यंतच्या काळासाठी, ६० टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित अशी वाटणी ठरली होती. आयोग बदलला की टक्के बदलतात, तेव्हा चालू वर्षाची वाटणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून लिहून घ्या. अबंधित पैसे राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांवर खर्च करता येतात. त्यात सामाजिक वनीकरण आहे, आणि अगदी शेवटचा विषय ‘सामूहिक मत्तांचे परिरक्षण’ असा आहे. हा २९ वा विषय फारसं कुणी वापरत नाही. गावाचा विकास आराखडा ठरतो त्या ग्रामसभेला उभं राहून ‘देवराईची पायवाट, चिरे बसवणे, पाणी वळवण्याचा चर’ असं नेमकं काम इतिवृत्तात लिहून घ्या. आराखड्यात नाव नसलेल्या कामाला नंतर कुणीही पैसे देऊ शकत नाही, सरपंचांची कितीही इच्छा असली तरी.

आणि आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. वाट झाली, मग झाडणार कोण? वणव्याच्या दिवसांत हद्दीवरचं गवत कोण कापणार? वित्त आयोगाच्या अबंधित पैशातून पगार देता येत नाही, तसा स्पष्ट नियम आहे. जिल्हा नियोजनचे पैसे काम उभं करण्यापुरते. उलट प्रस्तावासोबत ग्रामपंचायतीकडून ‘देखभाल दुरुस्ती आम्ही करू’ असा ठराव घेतात, आणि तो ठराव वाचून न बघता सगळे सह्या करतात. सरकारकडून बांधायला पैसे मिळतात, राखायला मिळत नाहीत. राखणीचा पैसा गावाला स्वतः उभा करावा लागतो.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचं बघा. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात २०१२ साली कास आलं, गर्दी उसळली. तिथे भोवतालच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापनाची समिती हंगामात शुल्क घेते आणि त्यातून गावातलीच माणसं राखणीला, वाहनतळावर आणि माहिती सांगायला उभी राहतात. पाच एकरांच्या देवराईत तेवढे लोक येणार नाहीत, आणि येऊही नयेत. पण शिमग्याला येणाऱ्या मुंबईकर घरांनी वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची, ती ग्रामपंचायतीच्या स्वनिधीत पावती फाडून जमा करायची आणि त्यातून एका माणसाला हंगामी मजुरी द्यायची, एवढं तर जमेल? बाकड्याच्या पाठीवर नाव घालायला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सांगा, नाव घालतो, पण गवतकापणीच्या मजुरीसाठी.

आता संरक्षण. तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. ‘नाही’ म्हणू नका, कागदावर असणारच. जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ४१ प्रमाणे ती करावीच लागते, आणि लोक जैवविविधता नोंदवहीसुद्धा. ती नोंदवही ग्रामपंचायतीच्या कपाटातून काढा. बऱ्याच ठिकाणी ती एजन्सीने छापून दिलेली असते आणि शेजारच्या गावाच्या नोंदवहीशी शब्दाला शब्द जुळते. तुमच्या देवराईतली झाडं, पाण्याचा झरा, कुणी वैदू येऊन काय नेतो ते सगळं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून नव्याने लिहा.

याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार एखादी जागा ‘जैवविविधता वारसा स्थळ’ म्हणून जाहीर करतं. सिंधुदुर्गात दोन छोटी उदाहरणं आहेत. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची देवराई, जिच्यात रानजायफळाच्या जातीची झाडं पाणथळीत उभी आहेत, अडीच हेक्टरांच्या आसपास. आणि आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळचा परिसर, तिथल्याच कुंडात सापडलेल्या छोट्या माशासाठी २०२१ साली जाहीर झालेला. म्हणजे पाच एकर लहान पडत नाहीत. गावात ओरड होईल की मग सरकार आमचा शिमगा बंद करणार. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत उलट लिहिलंय : गावाने आपणहून ठरवलं असेल तेवढंच बंधन, चालत आलेल्या वहिवाटीला धक्का नाही. ग्रामसभेत हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

क्रम असा धरा : सातबारा, मोजणी, नोंदवही, ग्रामसभेचा ठराव, मग राज्य जैवविविधता मंडळाला नागपूरच्या पत्त्यावर प्रस्ताव. पायवाटेचं छोटं काम आराखड्यातून समांतर चालू द्या. ‘क’ वर्गाचा प्रस्ताव सरपंचांना टाकायचाच असेल तर टाकू दे, पण कामाची जागा ‘देवळासमोरील अंगण’ अशी लिहून घ्या, ‘मंदिर परिसर’ नको. परिसर या शब्दात पाचही एकर येतात.

प्रश्न : ताई, मी नाशिकचा. मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला उन्हाळाभर होतो. रोज बागेत फिरायला जायचो. एका बागेत ‘ग्रीन एकर्स’च्या पैशाने जागा घेतल्याची पाटी होती. सून म्हणाली, इथे लोक मतदान करून बागांसाठी स्वतःवर कर लावून घेतात. माझा विश्वास बसेना. हे खरं आहे का? आणि खरं असेल तर आपल्याकडे का होत नाही?
— म. ना. कु., नाशिक

उत्तर : काका, सूनबाई बरोबर सांगतात. न्यू जर्सीत हा प्रकार १९६१ पासून चालू आहे. त्या वर्षी राज्याने मतदारांना विचारलं, मोकळ्या जमिनी विकत घेण्यासाठी ६ कोटी डॉलरचे रोखे काढू का? लोक ‘हो’ म्हणाले. तेव्हापासून असे कौल अनेकदा झाले. शिवाय गाव आणि काउंटी (म्हणजे तिथला जिल्हा) आपापल्या पातळीवर, सार्वमत घेऊन, घरपट्टीवर मोकळ्या जागांसाठी वेगळा छोटा कर बसवू शकतात. २०१४ साली तर राज्यघटनेतच दुरुस्ती करून कंपन्यांवरच्या कराचा ठरलेला हिस्सा या कामाला बांधून दिला. ‘ग्रीन एकर्स’ हा राज्याचा कार्यक्रम त्यातून गावांना अनुदान आणि स्वस्त कर्ज देतो, गावाने आपला वाटा घालायचा.

पण मला, हिशेबनीस म्हणून, या सगळ्यापेक्षा त्यांची एक अट जास्त आवडली. एखाद्या गावाने ग्रीन एकर्सचे पैसे घेतले की ज्या बागेसाठी घेतले तेवढीच बाग नव्हे, तर त्या वेळी गावाच्या ताब्यात असलेल्या सगळ्या बागा आणि मोकळ्या जागा यादीत जातात आणि बांधल्या जातात. पुढे त्यांतल्या कुठल्याही तुकड्यावर गावाला वाहनतळ किंवा कचेरी बांधायची झाली तर राज्याच्या पर्यावरण खात्याची आणि वर आणखी एका समितीची परवानगी लागते, आणि बदल्यात दुसरी जमीन द्यावी लागते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या निधीलाही असंच कलम आहे : लँड अँड वॉटर कन्झर्व्हेशन फंडाच्या पैशाने झालेली बाग दुसऱ्या कामाला वापरायची तर तेवढ्याच किमतीची आणि तेवढ्याच उपयोगाची जागा आणून द्या.

त्या केंद्राच्या फंडाची कहाणी मात्र आपल्यासारखीच. कायदा १९६४ चा. समुद्रातल्या तेल आणि वायूच्या विहिरींपासून सरकारला मिळणाऱ्या पैशातून वर्षाला ९० कोटी डॉलरपर्यंत रक्कम, राज्यांना निम्मा वाटा घालायची अट. वर्षानुवर्षं त्यातला मोठा भाग दुसरीकडेच वळवला गेला. पूर्ण रक्कम दरवर्षी द्यायचीच, असं २०२० च्या कायद्याने ठरलं. पैसा जमा होणं आणि कामाला मिळणं यांत अंतर ठेवायची कला वॉशिंग्टनलाही अवगत आहे, एवढं समाधान मानून घ्या.

आपल्याकडे का नाही, म्हणता. अर्धंमुर्धं आहे हो. घरी गेलात की घरपट्टीचं बिल काढून बघा. आपल्या बऱ्याच शहरांत त्यात वृक्षकराची एक ओळ असते. नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा आहे, हा कर त्यातला. म्हणजे स्वतःवर कर लावून घ्यायची अर्धी गोष्ट आपण करतोच, फक्त आपल्याला कुणी विचारलेलं नसतं आणि पैशाचं काय झालं हे आपणही विचारत नाही. माहितीच्या अधिकारात महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे तीन गोष्टी मागा : मागच्या तीन वर्षांत वृक्षकर किती जमा झाला, किती खर्ची पडला आणि कुठल्या बाबींवर. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर आलं की मला पाठवा, आकडे मी तपासून देते.

जमीन बांधून ठेवायचीही आपल्याकडे सोय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी मोकळी सरकारी जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवू शकतात. कलमात रस्ते, गटारं यांच्या जोडीला उद्यान हा शब्द चक्क लिहिलेला आहे. राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. (वरच्या पत्रातल्या शिमगेकऱ्यांनो, सातबारावर शासनाचं नाव निघालं तर हे कलम तुमच्याही उपयोगाचं.) फरक एवढाच की इथे मंजुरी मिळाली म्हणजे प्रश्न मिटला. बदली जागा द्यायची अट या कलमात नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

प्रश्न : आमच्या नगर परिषदेच्या हद्दीत सहा एकरांची उघडी टेकडी आहे, वनखात्याच्या ताब्यात. पुण्याच्या वारज्यासारखं नगर वन इथे होईल का? आमचा महिला गट झाडं लावायला तयार आहे.
— सौ. द. पा., जि. सातारा

उत्तर : वारज्याची टेकडी १६.८ हेक्टरची, म्हणजे चाळीस एकरांच्या वर. २०२० च्या पर्यावरण दिनी केंद्राने नगर वन योजना जाहीर केली तेव्हा नमुना म्हणून तीच पुढे ठेवली होती. योजनेत नगर वनाला किमान १० हेक्टर लागतात. तुमचे सहा एकर म्हणजे जेमतेम २.४ हेक्टर, तेव्हा तुम्ही ‘नगर वाटिका’ या छोट्या प्रकारात बसता. पैसे येतात राष्ट्रीय कॅम्पातून, म्हणजे धरणं-खाणी-रस्त्यांसाठी वनजमीन घेणाऱ्यांनी भरलेल्या रकमेतून. दर हेक्टरी ४ लाख रुपये, म्हणजे तुमच्या टेकडीला ९ लाख ६० हजार. यात कुंपणही करायचं, रोपंही लावायची आणि पाणीही घालायचं. प्रस्ताव वनविभागाकडून जातो. योजनेला या वर्षी मंजुरी चालू आहे का ते उपवनसंरक्षकांच्या कचेरीत आधी विचारा.

झाडं लावायला हात मिळतातच, जुलैत प्रत्येकाला झाड लावायचं असतं. तुमच्या गटाने फेब्रुवारी ते मेचं पाणी अंगावर घेतलं तर वनविभागाशी बोलताना तुमचं वजन पडेल. आणि नगर परिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे जातं, त्याआधी मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या की टेकडीवरच्या टँकरसाठी आणि एका रखवालदारासाठी उद्यान विभागाच्या लेखाशीर्षात तरतूद करावी. पत्राची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह.